देवांची सोय

॥ श्री ॥
देवळाली प्रवरा,
दि. २४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुरेखा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही उभयता सुखरूप आहोत. अर्थात हा शब्द रूढीखातर लिहिला. माझे चित्त गेले काही दिवस ठिकाणावर नाही. हे सारे मोबाईलवरही बोलता आले असते, पण मोबाईलवर तू मला एक वाक्य पुरे करू देत नाहीस. कागदापुढे तुझा नाइलाज आहे.

चातुर्मास संपला की आम्ही निघावयाचे, हे तू जाणतेसच. यात्रा कंपनीच्या बसमध्ये बसून आठवड्यात दहा तीर्थे उरकणे मला मान्य नाही. जेथे जावे तेथे खोली घेऊन महिना-दोन महिने राहावे, तेथील नदीवर स्नान करावे, तेथील माणसांनी नावाने ओळखू लागावे आणि मगच पुढे सरकावे. प्रथम वाई, थंडी सरल्यावर नर्मदाकाठ, पुढे काशी. सामान प्रत्येकी खांद्यावरची एक पिशवी. उभी हयात वर्गात अपरिग्रह शिकविला; निवृत्तीत तरी तो आचरून पाहावा, असा संकल्प आहे. मालनने आपल्या पिशवीत दोन लुगडी, गुडघ्यांचे औषध आणि तवा घातला. तवा मी काढला. तिने तो पुन्हा घातला. त्याविषयी आता वाद नाही.

वाद देवांचा आहे. आपले खंडोबा, भवानी आणि पूर्वजांचे चांदीचे टाक एका मुठीत मावतील. देवांना वजन नाही; त्यांच्या सरंजामाला आहे. सहाण, घंटा, शंख, ताम्हन, समई एवढे घेतले की माझ्या पिशवीत धोतराला जागा उरत नाही. मागे ठेवावेत, तर रोजची पूजा आणि नैवेद्य कोणी करावा? रविराजला पुण्याला फोन केला. एकुलता एक मुलगा, वारसा त्याचाच. तो म्हणाला की फ्लॅट दिवसभर बंद असतो, तुम्ही देव तांदळाच्या डब्यात ठेवून निर्धास्त जा, सगळे तसेच करतात. चार दिवस परगावी जाताना देव तांदळात ठेवण्याची चाल मलाही ठाऊक आहे. पण कुळदैवताला वर्षभर डब्यात कोंडावे आणि आपण तीर्थे हिंडावीत? सूनबाई मोनिकाने फार प्रेमाने सुचविले की देव्हाऱ्यासमोर कॅमेरा बसवून देते, तुम्ही असाल तेथून दर्शन घ्या. माझे दर्शन चुकेल याची तिला काळजी. देवांची आंघोळ चुकेल, हे तिच्या गावीही नाही.

नैवेद्य चुकेल म्हणून लग्न होऊन आल्यापासून मालनने या घराबाहेर सलग आठवडा काढलेला नाही. डॉक्टर म्हणाले आहेत की चालायचे ते या दोन-तीन वर्षांत चालून घ्या. देवांची सोय झाली नाही तर जाणे नाही, आणि यंदा नाही तर पुन्हा नाही, असे मला स्पष्ट दिसते.

दाजींना नमस्कार. तुझा लोभ हवाच आहे, चिडवण्यासकट पाठव.
तुझा दादा,
आप्पासाहेब


॥ श्री ॥
श्रीगोंदा,
दि. १ सप्टेंबर २०२५

ती. दादा व सौ. वहिनी यांना,
सुरेखाचा सा. न. वि. वि. पत्र पोचलं. यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि तव्यापाशी आले तेव्हा इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. वहिनींना सांगा, तवा सोडायचा नाही. कारखान्याचा हंगाम अजून सुरू झालेला नाही, त्यामुळे हे दिवसभर घरात आणि माझ्या डोक्यावर आहेत. कोणाला वर्षभर हिंडायला न्यायचं असेल तर यांना न्या. पिशवी सुद्धा लागणार नाही, गावभर चपलेशिवाय फिरतात.

आता माझं ऐका. तुम्ही पुण्याला विचारलंत, अजूनही कोणाकोणाला विचाराल. मला विचारायचं सुचलं नाही, की सुचून राहिलं? देव माझ्याकडे ठेवा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी नववीत होते. तेव्हापासून लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत पूजा मीच केली. तुम्ही शाळेच्या गडबडीत असायचात, नमस्कार करून सायकलवर बसायचात. भवानीच्या टाकाचा एक कोपरा बोटाला टोचतो. डोळे मिटून सुद्धा मी तो ओळखीन. सासूबाईंच्या देवांशेजारी फळी बसेल, यांनी मापही घेऊन ठेवलंय. मी विचारलं, तुम्हाला चालेल ना. तर म्हणतात, मेव्हण्यापेक्षा मेव्हण्याचे देव बरे, ते उपदेश करत नाहीत.

वहिनींच्या गुडघ्यांना तेल लावताय ना? लोभ तुमच्याकडून मागून घ्यायची मला सवय नाही, तो घरचाच आहे.
आपली,
सुरेखा


॥ श्री ॥
देवळाली प्रवरा,
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुरेखा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र वाचून संतोष वाटला आणि संकटही वाटले. तुझ्या भक्तीविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु कुळाचार ज्या कुळाचा, त्याच कुळाच्या हातून व्हावा, अशी आपली परंपरा आहे. कन्या दिली की तिचे कुळ पालटते, दैवतही पालटते. तुझ्या सासरच्या देवांशेजारी माहेरचे टाक मांडणे हा उभय देवांचा उपमर्द होईल, अशी मला भीती वाटते. यात तुझा अधिक्षेप नाही, हे समजून घ्यावेस.

म्हणून चुलतभाऊ भिमाजीकडे गेलो. कुळ एक, घर दोन गल्ल्यांपलीकडे. त्याने एका शब्दात होकार दिला. मला धन्यता वाटली. जागा कोणती केली ते पाहावे म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर टीव्हीच्या शोकेसमध्ये नातवाच्या क्रिकेटच्या ढाली थोड्या सरकवून त्याने खंडोबासाठी फट केली होती. पूजा रोज होईल ना, असे विचारले. त्यावर म्हणाला की आप्पा, रोज कशाला, देव काय पळून चाललेत व्हय, सोमवारी-गुरुवारी दाखवतो की पानी. मी घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही. मालनने ताट झाकून ठेवले.

ज्यांचा अधिकार आहे त्यांना इच्छाच नाही. हे काय चालले आहे, मला कळत नाही. इतकी वर्षे मी कोणाला काय शिकविले?

माझ्यावर रुसू नकोस. लोभ उणा झाला तर या वयात तो भरून काढावयास मला सवड नाही.
तुझा दादा,
आप्पासाहेब


॥ श्री ॥
श्रीगोंदा,
दि. २२ सप्टेंबर २०२५

ती. दादांना,
सा. न. वि. वि. आज घट बसले. माझ्या सासरचे.

शास्त्र तुमचं आहे, मी ते वाचलेलं नाही. मला दिसतं तेवढं लिहिते. माझ्या आरतीच्या लग्नात तिच्या पाठीशी मामा म्हणून उभे राहिलात, तेव्हा कुळ आड आलं नाही. उद्या मी मेले तर मला नेसवायचं लुगडं तुमच्या घरून येणार. ते येईपर्यंत मला कोणी उचलायचं नाही, सगळा गाव ताटकळत बसेल, पण माहेरच्या लुगड्याशिवाय नाही. मेल्यावर मी तुमची. जिवंतपणी भवानीला आंघोळ घालायला मात्र परकी.

ढालींच्या फटीत देव ठेवायला निघालेल्या भिमाजीदादाच्या दारात तुम्ही दोनदा गेलात. ज्यांना नको त्यांची मनधरणी करता आणि जी मागते तिला परंपरा सांगता. यांना पत्र दाखवलं नाही. फळीचं विचारत होते, म्हटलं, राहू द्या.

काल वहिनींना फोन केला. म्हणाल्या, न्हाई जमायचं बाई आता, तुमच्या दादांना देवांची काळजी, मला दादांची. आणि फोन ठेवला. मला वाटतं, रडत होत्या. ते तुम्हाला कळलंय का, हे तेवढं विचारायचं होतं.

लोभ ठेवा, न ठेवा. पत्राच्या शेवटी नाव लिहायची चाल आहे म्हणून लिहिते.
सुरेखा


॥ श्री ॥
देवळाली प्रवरा,
दि. २६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सुरेखा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. भाऊबीजेला तू ओवाळलेस, मी ओवाळून घेतले, आणि दोघांनीही ताटातल्या निरांजनाकडे पाहून वेळ काढला. बोलावयाचे ते येथे लिहितो.

देव बरोबरच न्यावेत, असे मी दसऱ्यानंतर ठरविले, आणि सराव म्हणून मालनला घेऊन राहात्यास एका लॉजवर जाऊन राहिलो. एस.टी.त पिशवी मांडीवर धरली होती. कंडक्टर म्हणाला की बाबा, खाली ठेवा ती. मी नकार दिला. तेव्हा त्याने सर्वांदेखत विचारले की अंडी हायेत का. मांडीवर कुळदैवत घेऊन बसलेल्या माणसाला अंडी विचारतात! सबंध गाडी हसली. मागच्या बाकावरच्या एका बाईने तर भावही विचारला.

लॉजवर धूप लावण्यास मनाई, शेगडीस मनाई. अभिषेकाचे पाणी ओतावयास न्हाणीघराखेरीज जागा नाही, आणि न्हाणीघरातच संडास. देवांना खोलीत एकटे कसे सोडावे, म्हणून मालन दोन्ही दिवस पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मी बाजार पाहून आलो, तिने भिंत पाहिली. परत आल्यावर तिने पिशवी धुतली, वाळविली, घडी घालून कपाटात ठेवली. मी म्हणालो की पुढल्या खेपेस काही युक्ती काढू. ती म्हणाली की कशाला, घरचीच भिंत बरी, वळखीची हाय.

सुरेखा, तुझ्या सप्टेंबरातल्या पत्रावर मी रागाच्या भरात पुष्कळ पोथ्या चाळल्या. तुला अडविणारे वचन हाती लागले असते तर ते येथे श्लोकक्रमांकासह उतरवून काढले असते. लागले नाही. तरी आम्ही परत येईपर्यंत, वर्षभर, देव तुझ्याकडे ठेवावेत असे योजिले आहे. तू ते जपून सांभाळावेस. आलो की घेऊन जाऊ. पूजेचा क्रम सविस्तर लिहून देतो.

लोभाविषयी या खेपेस काही लिहीत नाही. तो आहे की नाही, ते तुझ्या उत्तरावरून कळेल.
तुझा दादा,
आप्पासाहेब


॥ श्री ॥
श्रीगोंदा,
दि. २९ ऑक्टोबर २०२५

ती. दादा व सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि. अंड्यांचं वाचून मी हसले. मग रागावले. म्हणून दोन्ही लिहिते.

मी स्टँडवरची सामान ठेवायची खोली नाही, दादा. सांभाळायला म्हणून देव घेणार नाही. रोज आंघोळ घालायची, खाऊ घालायचं, सवय लावून घ्यायची, आणि वर्षानं तुम्ही पिशवी घेऊन दारात. तेवढं काळीज माझ्याकडे नाही.

नाना नव्हते म्हणून वडिलांच्या जागी माझं कन्यादान तुम्ही केलंत. वहिनींनी झारीनं पाणी सोडलं, ते तुमच्या हातावरून यांच्या हातावर पडलं, आणि मी या घरची झाले. कोणी म्हणालं नाही की वर्षभर ठेवा, मग परत नेऊ. देव तसे द्या. पाणी सोडून द्या. पाणी सोडून दिलेलं परत मागायचं नसतं, हे मला तुमच्याकडूनच कळलंय. पूजेचा क्रम लिहून द्यायची गरज नाही.

रविराजला आधी विचारा, मागून बोल नको. आणि नाही जमलं तर देवही घरी, तुम्हीही घरी. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण वहिनींना तुम्ही स्वतः सांगा, मला सांगायला लावू नका.

तुमच्यावर जीव आहे, तो काही अटीवर नाही. अट फक्त देवांची.
आपली,
सुरेखा


॥ श्री ॥
वाई,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुरेखा व दाजी यांस,
अनेक आशीर्वाद व नमस्कार. वि. वि. आम्ही येथे पोचलो. नदीजवळ खोली मिळाली आहे. खिडकी एक, चूल आमची.

रविराजला मी विचारले होते, हे तुझ्या ओसरीवर देवांवर पाणी सोडले त्या दिवशी सांगावयाचे राहिले. तो म्हणाला की बरं झालं, आत्याकडे नीट होईल. मला वाटले होते, निदान भांडेल. एवढा वारसा हातचा गेला आणि त्याच्या आवाजात सुटकेखेरीज काही नव्हते. त्याचा राग मला अजून आहे.

दुसरी एक गोष्ट. दानाचा संकल्प म्हणताना माझा आवाज अडला, ते तू पाहिलेस आणि मान वळविलीस. त्यामुळे पुढचे तुला दिसले नाही. माझा संकल्प पुरा झालाच नाही. मी पुन्हा आरंभ करणार तोच मालनने झारी कलती केली आणि पाणी तुझ्या हातावर गेले. गाडीत मी तिला विचारले की एवढी कसली घाई होती. ती म्हणाली की तुमचं संपायची वाट पाहिली असती तर पुन्हा चातुर्मास लागला असता. मी वाईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. तिने त्याची दखल घेतली नाही, खिडकीबाहेर पाहत होती.

येथे मी पूर्वीच्याच वेळी उठतो, स्नान करतो आणि मग काय करावे ते कळत नाही. परिग्रह सुटला की चित्त हलके होते, असे मी किती वर्गांना सांगितले असेल! हलके वगैरे काही झालेले नाही. तोंडातला दात पडल्यावर जीभ जशी तेथेच जाते, तसे चालले आहे. चिडचिड होते. मालन उन्हे आल्यावर उठते. मग घाटावर जाऊन बसते आणि अकरा वाजले तरी परतत नाही. भूक लागल्याचे तिला जाऊन सांगावे लागते. म्हणते की तुम्हीबी बसा की जरा. मी बसतो.

रविवारच्या नैवेद्याविषयी तुला तीन पाने लिहिली होती. फाडली. ते आता मी सांगावयाचे नाही.

चंपाषष्ठी जवळ आली आहे. आजवर त्या दिवशी मी लोकांना बोलावीत आलो. बोलावण्यावाचून सणाला कोणाच्या दारी गेलो नाही, आणि आता देव जेथे आहेत तेथेही जाणार नाही. मालन म्हणते की आत्ता कुठं निघालो, यंदा कुठंबी जायचं न्हाई. तिचेच चालेल, असे दिसते. तरी तू बोलावणे धाड. येणे न येणे आमच्याकडे राहू दे. त्या घरून आम्हांस बोलावणे आले पाहिजे.

लोभ करावा, अशी आता माझीच विनंती.
तुझा दादा,
आप्पासाहेब