शेवटच्या शब्दावरचा सूर

१४ जानेवारी १९०९

आज सूर पुन्हा फाटला. दार लावून गायले तरी फाटला. संगीतकार वालिशच्या नव्या गाण्यातला शेवटचा शब्द ‘लिख्ट’ — उजेड. सगळ्यात उंच सूर, तोही अगदी हळू, आणि पियानो तिथे गप्प! त्या ‘इ’वर घसा आवळतो. गाणं माझ्याच आवाजासाठी लिहिलं म्हणतो. माझ्या तरुणपणच्या आवाजासाठी असेल.

जेवताना आलोइस म्हणाला, “दुपारी मांजर कशात अडकलं होतं गं?” नवरा म्हणून सूप अंगावर ओतलं नाही.

२० जानेवारी

वालिशला म्हटलं, एक पट्टी खाली घेऊ. त्यानं पियानोचं झाकणच आपटलं.

“बाई, मग ते दुसरं गाणं झालं! झेपत नसेल तर सांगा. माझी शिष्या तयार आहे.”

शिष्या! काल माझी पानं उलटत होती — ओठ हलवत. सगळं पाठ आहे सटवीला.

“झेपतं,” मी म्हणाले. तालमीत तो सूर नुसता पुटपुटते. आवाज राखून ठेवतेय, असं त्याला वाटतं. गायिका राखतातच.

२ फेब्रुवारी

झेपत नाही.

९ फेब्रुवारी

काल मैफल झाली. दुसऱ्याच ओळीला लोकांना हसू फुटलं. “बाईला बरं नाही का?” “पियानोवाल्याला विचारा!” व्हिएन्नाचे हे रसिक! मी गात राहिले. शेवटचा शब्द आला. पियानो थांबला. मी श्वास घेतला — आणि डावीकडून कुणीतरी घराची पोकळ चावी ओठाला लावून टवाळीची शीळ घातली. मग सगळ्यांच्याच चाव्या निघाल्या. सभागृह नुसतं किंचाळत होतं.

मी तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही. कुणाला कळलं नाही.

आत वालिश रडत होता. माझे हात चुंबले. “गाढवं! तुमचा सूर गिळला त्यांनी!”

१० फेब्रुवारी

पेपरात — गाणं भीषण, गायिका धीराची. आलोइसनं कॉफी पिता पिता मोठ्यानं वाचलं.

पाव आणायला निघाले. त्याच्या कोटातून घराची चावी काढली. टोकाला मेण. वास त्याच्या मिशांच्या मेणाचा. परवा तो डावीकडेच बसला होता.

चावी समोर आपटली. “तू? माझा अपमान?”

“गाण्याचा. तुझा होऊ दिला नाही.” पेपर खाली केला नाही. “मला ते गाणं कळत नाही, हर्मिने. पण श्वास घेताना तुझा खांदा वर गेला, ते कळलं. तो वर गेला की फाटतं. भिंतीपलीकडून रोज ऐकतोय.”

पाव घेऊन आले. चावी खुंटीला अडकवली.

१८ फेब्रुवारी

वालिश खुशीत. ३ मार्चला पुन्हा. “या वेळी माणसं निवडून बोलावतोय, बाई. टाचणी पडली तरी ऐकू येईल. तुमचा सूर ऐकू दे लोकांना!” सूर अजून फाटतोय. त्याला सांगायला दोनदा तोंड उघडलं. शिष्या शेजारीच उभी होती.

३ मार्च

निघायची वेळ. आलोइस घरचे जोडे घालूनच बसलाय. “नको म्हणालीस तर येत नाही.”

खुंटीवरची चावी काढली. त्याच्या कोटाच्या खिशात टाकली, कोट पुढे धरला.