अंगठा देणार नाही

४ मार्च, सायंकाळी सात
सेवा विभागाची प्रमुख म्हणून माझ्याऐवजी ती चष्मेवाली. वय एकोणतीस. मी या कंपनीत हजेरीची मशीनं दुरुस्त करायला लागलो तेव्हा ती एक वर्षाची असेल. मला 'काका' म्हणते.
आणि ही नेमणूक केली कोणी? वणव्याने! कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तो भाषणात पेटायचा म्हणून वणवा, आणि त्याला पेटवायचो मी, म्हणून मी काडी. आज तो जनरल मॅनेजर आहे. नोटीस बोर्डावर चष्मेवालीच्या अभिनंदनाखाली त्याची ऐसपैस सही.
सूड घेणार. कसा, ते उद्या ठरवू. आज डोकं दुखतंय.

५ मार्च, रविवार
माळ्यावरची ट्रंक काढली. जाहीरनामा मिळाला! एकविसाव्या वर्षी लिहिलेला. समाजाच्या चरकात मान घालायची नाही, अशी बारा कलमं. अक्षर वणव्याचं.
कलम एक: आम्ही घड्याळाचे गुलाम होणार नाही. कलम चार: आम्ही दाढी करणार नाही, गुळगुळीत चेहरा हा शरण गेलेला चेहरा. कलम सात: हजेरी कैद्यांची घेतात, आम्ही ती देणार नाही. कलम बारा: आपल्यापैकी जो आधी शरण जाईल त्याला दुसऱ्याने हा कागद चारचौघांत वाचून दाखवावा.
खाली दोघांच्या सह्या. त्याची जरा पुसट झाली आहे.
आणि हा माणूस हजेरीची मशीनं विकतो! (मी फक्त दुरुस्त करतो. फरक आहे.)
ठरलं. उद्यापासून बाराही कलमं पाळायची. ३० तारखेच्या वार्षिक सभेत सगळ्यांसमोर उठायचं आणि कलम बारा. घोडामैदान जवळच आहे.

६ मार्च
घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मोबाइलचा अलार्म चालू ठेवला, मोबाइल म्हणजे घड्याळ नव्हे.
दाढी बंद. बायकोने विचारलं, ब्लेड संपली का. मी म्हणालो, ब्लेड नाही, सहनशक्ती संपली. ती म्हणाली, येताना दोन्ही घेऊन या.
ऑफिसच्या दारातल्या मशीनला अंगठा दिला नाही. पण नुसतं पुढे जाणं म्हणजे पळ काढणं. म्हणून समोर उभा राहून मिनिटभर त्याच्याकडे तुच्छतेने बघितलं. मशीनच्या डोक्यावर नवी काळी काच बसवली आहे, तिच्यात नजर रोखली. मशीन टुंग वाजलं. घाबरलं बहुतेक.

९ मार्च
चष्मेवालीचं परिपत्रक आलं. विषय: दारातलं मशीन. पुढे वाचलं नाही. कलम नऊ: वरून आलेला कागद वाचू नये. सगळ्यांदेखत फाडून चार तुकडे केले. मग ते गोळा करून टोपलीत टाकले, नाहीतर झाडूवाल्या मावशी ऐकवतात.
चार दिवस अंगठा नाही, कोणी ब्र काढलेला नाही. उत्तमच. सभेपर्यंत हे असंच राहू दे. कंपनीच्या नाकासमोर बसलेला माणूस कंपनीच्याच मशीनच्या लेखी महिनाभर गैरहजर! तेव्हा वणव्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

१३ मार्च
नऊला गेलं की मागे रांग लागते, लोक ढकलतात, निषेध मनासारखा होत नाही. म्हणून आता साडेआठलाच जातो. अठ्ठावीस वर्षांत इतक्या लवकर कधी गेलो नव्हतो. बंडाला शिस्त लागते.
कलम पाच (चामड्याचे बूट घालणार नाही) तूर्त तहकूब. टाच दुखते.
चष्मेवाली टेबलापाशी आली. दाढी ठेवताय का काका, ठेवाच, प्लीज काढू नका म्हणाली. आठ दिवसांच्या खुंटांना एवढी घाबरली! आता गोड बोलून मला गुंडाळणार. मी भीक घातली नाही. फक्त थँक यू म्हणालो.

१६ मार्च
दाढी खाजते.
मुलीने विचारलं, बाबा, बरं नाही का. म्हणून तिला जाहीरनामा दाखवला. वाटलं, रक्त सळसळेल. तिने तो ट्यूबलाइटसमोर धरला आणि म्हणाली, सही एकच आहे, तुमची. मी म्हणालो, दुसरी पुसट आहे, नीट बघ. ती म्हणाली, पुसट नाही, तिथे कागद कोरा आहे.
स्क्रीन बघून बघून या पिढीचे डोळे गेलेत.

२० मार्च
लिफ्टमध्ये वणवा! दोघंच. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. दाढी निरखली, हसला, छान चाललंय, असंच चालू ठेव म्हणाला आणि पाचव्या मजल्यावर उतरला.
वरवर हसत होता. पायाखालची वाळू सरकली होती. लिफ्टमध्ये कार्पेट आहे म्हणून दिसली नाही.
वाईट वाटलं थोडं. एका ताटात जेवलेला माणूस. पण मला त्याने त्या चष्म्यासाठी डावललं. दया नाही.

२९ मार्च
बाथरूममध्ये रंगीत तालीम. बाराही कलमं, हातवाऱ्यांसकट. दुसऱ्या वेळी माझ्याच अंगावर काटा आला. बायको बाहेरून ओरडली की नळ तरी बंद करा.
उद्यासाठी शर्टाला कडक इस्त्री केली. कलम आठमध्ये इस्त्री वर्ज्य आहे. पण सूड चुरगळलेल्या कपड्यांत शोभत नाही.

३० मार्च, सायंकाळी
लिहवत नाही. पण लिहितो.
तिसऱ्या रांगेत बसलो होतो. कागद खिशात. दिवे मालवले. पडद्यावर माझा चेहरा. मग पुन्हा माझा चेहरा. पुन्हा. बावीस फोटो. गुळगुळीतपासून जंगलापर्यंत, आणि सगळ्यांत मी खाऊ की गिळू असा बघतोय.
चष्मेवाली माइकवर सांगत होती. अंगठ्याऐवजी चेहरा ओळखणारं आपलं नवं मशीन. परिपत्रकात तिने सगळ्यांना काचेत नीट बघायची विनंती केली होती. लोक नुसते डोळे फिरवून जातात. रोज येऊन पूर्ण मिनिटभर बघणारे एकटे काका. दाढी रोज वाढली, तरी मशीन एकदाही चुकलं नाही. बावीस दिवस, बावीस हजेऱ्या, एकही लेटमार्क नाही.
टाळ्या. मला वर बोलावलं. 'सर्वांत नियमित कर्मचारी' असं प्रमाणपत्र. द्यायला वणवा.
मी कागद काढला. तोंड उघडायच्या आत त्याने कागद माझ्या हातातून घेतला, आभाराचं पत्र समजून. वाचला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, काडी, तू हे अजून जपून ठेवलंस? मी तर सहीसुद्धा केली नव्हती रे. वडिलांना विचारून करतो म्हणालो होतो. ते नको म्हणाले.
मी काय म्हणालो? थँक यू, साहेब.

३१ मार्च, सकाळी सव्वासात
रात्रभर विचार केला. खरा सूड आता सुचला. दाढी उडवायची! चेहरा बदलला की मशीन आंधळं. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, तिथे मला उभं करणार म्हणे. करा उभं, गुळगुळीत! चारचौघांत मशीन तोंडावर आपटेल, आणि त्याच्यासोबत वणवा.
पाणी गरम केलं. ब्लेड नाही. सहा तारखेला बायकोने आणायला सांगितली होती. दुकान दहाला उघडतं. तोवर ऑफिसला जाऊन येतो.

३१ मार्च, दुपारी
वणव्याने केबिनमध्ये बोलावलं. लेखी आदेश: प्रदर्शन संपेपर्यंत सदर कर्मचाऱ्याने दाढी काढू नये, हा सेवेचा भाग समजावा.
वरून आलेला कागद. पूर्ण वाचला. दोनदा.
दाढी आता मी ठेवत नाही, कंपनी ठेवते. फेकून द्यायला हवा होता तो कागद त्याच्या तोंडावर. पण त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला, दार लावून काडी म्हणाला. अठ्ठावीस वर्षांत केबिनमध्ये पहिल्यांदा.
पोच म्हणून सही हवी होती. केली. पेन त्याचंच.
एका कागदावर शेवटी आमच्या दोघांच्या सह्या झाल्या. त्याची अजिबात पुसट नाही.