वाघोलीच्या रेड्याचं इटालियन

मु. वाघोली, ता. वसई, जि. ठाणे
ता. २४ फेब्रुवारी १९५२

राजमान्य राजेश्री हरिभाऊ यांस,

जगन्नाथाचा सप्रेम नमस्कार. रिवाजाप्रमाणे नमस्कारामागून विनंती आणि विनंतीमागून विशेष यायला हवं. मी विशेष आधी लिहितो, विनंतीचं शेवटी पाहू. आपली प्रकृती उत्तम असेलच. मातोश्रींचा गुडघा थंडीत धरला होता तो आता सुटला असावा. (नसल्यास निरगुडीच्या पाल्याने शेकावा. मागे मी एरंडाचा पाला सांगितला होता, ती माझी चूक. गुडघा सुजला याबद्दल त्यांची पुन्हा एकदा क्षमा मागतो.) इकडे रुक्मिणी, मुलं, केळी, पानवेल, सर्व मंडळी खुशाल. चि. सौ. मंदाला दादाचे अनेक आशीर्वाद. सोपाऱ्याच्या बाजारात आपला गडी नथू भेटला होता. विहिरीचं पाणी हाताने ओढून ओढून मंदाच्या तळहातांना फोड आलेत असं तो म्हणाला. तेव्हापासून घास गोड लागत नाही हे खरं सांगतो.

आपलं कार्ड पोचलं. (कार्ड उघडं असल्यामुळे ते मला पोचण्याआधी पोस्टमनने वाटेत दोन ओट्यांवर वाचून दाखवलं होतं. घरी आणून दिलं तेव्हा त्याचा चेहरा सुतकी होता.) आपण लिहिता की आम्ही दिवाळसणात दिलेला रेडा संक्रांतीपासून रहाटाला जुंपला की खांबासारखा उभा राहतो, काठीला दाद देत नाही, चुचकारलं तर दुसरीकडे बघतो. आणि जोवर रेडा चालत नाही तोवर घरात हातांची गरज आहे, म्हणून मंदाला माहेरी पाठवणं जमायचं नाही. निर्मळची जत्रा गेली, संक्रांत गेली, आता शिमगाही जाणार. कार्डाच्या तळाशी मातोश्रींचे शब्द आपण जसेच्या तसे उतरवलेत: 'माहेरचा रेडा मुका, बहिरा आणि आडमुठा.' पैकी मुक्या हे त्याचं नावच आहे, कारण तो जन्मात कधी ओरडला नाही. आडमुठेपणाचं म्हणाल तर तो आमच्या वाडीत वाढला, थोडाफार असणारच. पण बहिरा हा शब्द मी ऐकून घेणार नाही. हरिभाऊ, रेडा बहिरा नाही. त्याला मराठी येत नाही, इतकंच.

त्याला इटालियन येतं.

आता पत्र खाली ठेवून घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा. आमच्या कुंपणापलीकडे फर्डिनंडची वाडी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. त्याचा पुतण्या जॉन पाद्री व्हायला रोमला गेलाय. दीड वर्षामागे त्याचं पत्र आलं, की सहा महिन्यांत मला इटालियन बोलता येऊ लागलं. फर्डिनंडने ते पत्र सगळ्या वाघोलीला वाचून दाखवलं, मला तीनदा. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, त्यात काय मोठंसं, मी एक वर्षात शिकून दाखवतो, तेही इथे बसून, गुरू न करता. तो म्हणाला, "पुस्तकातनं पोहायला शिकशील काय रे जगू?" झालं. मी मिशी पैजेवर लावली. आमच्या घराण्याचा स्वभाव आपण जाणताच. (आपल्या लग्नात मांडवात हत्ती आणतो म्हणालो होतो तो मीच. मांडव लहान होता म्हणून राहिलं.)

गिरगावातल्या पदपथावर मला एक पुस्तक मिळालं. घरबसल्या इटालियन, पण इंग्रजीतून. माझं इंग्रजी दोन इयत्तांचं, म्हणून आधी इंग्रजीचा कोश आणला, म्हणजे एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत पाणी भरून मग ते पिण्यातला प्रकार. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती, त्यामुळे भाषा एकदम मधूनच सुरू होत होती. पहिलं वाक्य होतं, 'बुओन जोर्नो, सिन्योरा कोन्तेस्सा.' म्हणजे, नमस्कार, सरदारीणबाई. मी घरात चार दिवस हे घोकलं. पाचव्या दिवशी रुक्मिणीने पुस्तक उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि ही सरदारीणबाई कोण, कुठली, तिचं लग्न झालंय का, अशी चौकशी केली. तेव्हा अभ्यासाला एकच जागा उरली, विहिरीवरचा रहाट.

आपण रहाटवाले आहात, आपल्याला सांगायला नको. सकाळचे तीन तास आडव्या दांडीवर बसून रेड्याच्या पाठीकडे बघत गोल फिरायचं, याहून मोकळा वेळ माणसाला कुठे मिळतो? पुस्तक केळीच्या दोऱ्याने दांडीला बांधलं आणि रोज पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. सरदारीणबाईंना नमस्कार केला की मुक्या चालू लागे. चौथ्या धड्यात 'लाव्वोकातो आ पेर्दूतो लोम्ब्रेल्लो' हे वाक्य येई, म्हणजे वकिलाने छत्री हरवली. तिथे मला जरा जोर चढे, आणि मुक्याचीही पावलं उचलत. सातव्या धड्याच्या अखेरीस 'इल त्रेनो पेर नापोली ए पार्तीतो', म्हणजे नापोलीची गाडी सुटली. तोवर ऊन ताडाच्या शेंड्यावर आलेलं असे, पाणी झालेलं असे, आणि मुक्या थांबे. (गाडी सुटली म्हटल्यावर माणूससुद्धा धावायचा थांबतोच की.) समोर पाटाशी आमची मंदा उभी राहून पाणी एका रांगेतून दुसऱ्या रांगेत वळवी आणि पदर तोंडाला लावून हसे. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. आपल्या मुलखाने रेड्याच्या तोंडून वेद ऐकलेत, मी रेड्याच्या कानात इटालियन घातलं, एवढाच फरक. आठव्या धड्यापासून पुढे मात्र आमची प्रगती खुंटली, कारण एके दुपारी पुस्तक दांडीवर राहिलं आणि मुक्याने आठवा धडा ते शेवटची सूची एवढा भाग खाल्ला. म्हणजे त्याचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त झालंय.

गेल्या दिवाळीआधी आठ दिवस वर्ष भरलं. चर्चच्या सणासाठी मुंबईहून एक इटालियन पाद्री आले होते. फर्डिनंड त्यांना थेट माझ्या वाडीत घेऊन आला. मागून त्याची बायको मटिल्डाबाई, तिच्यामागून निम्मी आळी. मी पुढे झालो, हात जोडले, तोंड उघडलं, आणि काही नाही! एक अक्षर नाही. पाद्रीबाबा थांबले, हसले, धीर दिला. मी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. हरिभाऊ, तेव्हा मला उमगलं की माझं इटालियन जमिनीवर येतच नाही. दांडीवर बसलो की येतं, उतरलो की जातं. मग मी पाद्रीबाबांना हाताने खुणावलं की वर बसा. बिचारे भले गृहस्थ, पांढरा झगा सावरून माझ्याशेजारी बसले. मी सरदारीणबाईंना नमस्कार केला आणि मुक्या निघाला.

काय सांगू, वाणीला पूर आला! पहिला धडा, दुसरा, काकूची मांजर, डॉक्टरचा घोडा, सगळं धडाधड. फक्त प्रत्येक गाडगं पन्हळीत रिकामं होताना मी तिथे थबकतो, ती सवयच झालीय, त्यामुळे शब्दाचे तुकडे होतात. चौथ्या फेरीला पाद्रीबाबांचा रंग कच्च्या केळ्यासारखा झाला. ते माझा दंड धरून ओरडू लागले, "बास्ता! बास्ता!" आता हा शब्द बाराव्या धड्यातला असावा, त्याचा अर्थ 'पुरे', हे मला मागाहून जॉनच्या पत्रावरून कळलं. बारावा धडा मी वाचला नव्हता आणि मुक्याने नुसता खाल्ला होता. आम्हा दोघांना वाटलं ते खूष झालेत. आम्ही त्यांना आणखी अकरा फेऱ्या मारून आणल्या. शेवटी नापोलीची गाडी सुटली तेव्हा त्यांनी उतरून एका माडाला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. मग ते फर्डिनंडला इंग्रजीत काही म्हणाले. फर्डिनंडने सांगितलं, "बाबा म्हणतात, भाषा कुठली ते कळलं नाही, पण रेडा फार आज्ञाधारक आहे."

इथून तंटा लागला. फर्डिनंड म्हणे, इटालियन माणसाला तुझं इटालियन कळलं नाही, तू हरलास. मी म्हणे, रेड्याला अक्षर न् अक्षर कळतं, मी जिंकलो. अखेर मटिल्डाबाईंनी निकाल दिला, की ऐकणारे दोन, कळलं एकाला, तेव्हा अर्धी मिशी. भाऊबिजेला मी गालाला रुमाल बांधून बसलो होतो आणि आपण काळजीने लवंगेचं तेल दिलंत, ती दाढ नव्हती, हरिभाऊ. डावी बाजू होती. तेल अजून तसंच आहे, हवं असल्यास परत पाठवतो.

तर मुद्दा असा. आपला जुना रेडा पावसाळ्यात गेला, नवी वाडी अडली, म्हणून भाऊबिजेनंतर मंदा सासरी निघाली तेव्हा मी मुक्याला तिच्याबरोबर दिला. घरातलं जे चांगलं तेच बहिणीला द्यावं अशी माझी बुद्धी. त्याच्या शिक्षणाबद्दल तेव्हा बोललो नाही, कारण लोक हसतात. (मग संक्रांतीपर्यंत तो तुमच्याकडे कसा चालला, असं आपण विचाराल. त्याचं उत्तर माझ्यापाशी आहे, पण इथे जागा नाही.) वरची तीन वाक्यं आपण पाठ करावीत. पहिल्याने चालेल, दुसऱ्याने पळेल, तिसऱ्याने थांबेल. वाक्य पूर्ण म्हणावं, मध्ये खोकू नये. आपल्या घरी रेडा फिरू लागावा आणि आमची पोर चार दिवस आमच्या दारी यावी, याखेरीज माझं दुसरं काही मागणं नाही. मातोश्रींना साष्टांग नमस्कार. मंदाच्या हातांना खोबरेल लावायला सांगावं. लोभ जसा आहे तसा पुरे, वाढवायची तोशीस नको, फक्त उत्तर धाडा.

आपला,
जगन्नाथ

ता. क. : पत्र पुन्हा वाचल्यावर वाटलं, की मातोश्रींसमोर रोज सकाळी रेड्याला सरदारीणबाई म्हणणं आपल्याला जड जाईल. त्यापेक्षा मुक्याला शिमग्याआधी इकडे पाठवावा, पंधरा दिवसांत त्याला मराठी शिकवून परत करतो. आता त्याला आणणार कोण? नथूच्याने तो हलायचा नाही. नथू मला बाजारात म्हणाला, "दादा, रेडा पानी पितो, खातो, बघतो, पन चालत नाय." तेव्हा इटालियन येणारं माणूस हवं. असं माणूस आपल्या चांदीप गावात एकच आहे, आपली मंदा. पाटाशी उभी राहून तिने सातही धडे माझ्याआधी पाठ केले. मी चुकलो की तिकडून ओरडे, "दादा, छत्री वकिलाची!" भाऊबिजेनंतर वाघोलीहून चांदीपपर्यंत मुक्या तिच्यामागून दोरीशिवाय आला. आपण पुढे छत्री घेऊन चालत होतात, मागे बघितलं नसेल. तुळिंजच्या रेल्वे फाटकाशी गाडी येताना तो आपोआप थांबला आणि आपण त्याच्या शहाणपणाची तारीफ केलीत, तेव्हा तिसरं वाक्य कोणी म्हटलं होतं? सबब दोघांनाही पाठवावं. विनंती म्हणतात ती हीच.

ता. क. दुसरा (हा मातोश्रींना वाचून दाखवू नये) : रुक्मिणीने आपलं कार्ड उन्हात धरून पाहिलं. पत्त्याच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक ओळ आहे. कार्ड टपालात टाकायला मंदाच्या हाती दिलं असेल. आपल्या नजरेस पडली असेल तर आपल्याला वाटलं असेल, देवाचं नाव लिहिलंय. ते देवाचं नाव नव्हे. ते वर दिलेलं तिसरं वाक्य आहे. नापोलीची गाडी सुटली.

हरिभाऊ, त्या ओळीवरून मला सगळं उमगलं. दिवाळीपासून आपल्या वाडीत रेडा काठीने चालत नव्हता. मंदा रोज पहाटे त्याला चारा घालताना हळूच नमस्कार करत होती. संक्रांतीला तिला पाठवायचं आपण कबूल केलं होतं, आणि पाठवलं नाहीत. त्या सकाळपासून तिने नमस्कार बंद केला. भांडली नाही, रडली नाही, माझ्याकडे चुगली केली नाही. हाताला फोड येऊ दिले आणि गप्प राहिली. आडमुठेपणा आमच्या वाडीचाच, असं मी वर म्हटलं ते रेड्याबद्दल नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं. आपण मनाने चांगले आहात हे मला माहीत आहे, म्हणून हे आपल्याला लिहिलं, दुसऱ्या कोणाला लिहिलं नसतं.

ता. क. तिसरा : रुक्मिणी म्हणते, एवढी चार पानं लिहायची गरज नव्हती. तिच्या मते उद्या सकाळी आपण टोपी काढून पहिलं वाक्य म्हणावं. पण रेड्याला नव्हे, मंदाला.