बू मुसाइदचा शब्द

२ फेब्रुवारी १९७५, कुवेत

गढूळच होतं! परदेशातल्या त्या धरणावर तीनदा बाटली भरून पाहिलं. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी थोडा पाझर असतोच. तो नितळ असेल तर अभियंत्याने घरी जाऊन खुशाल झोपावं. गढूळ आला, तर पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय. भिंत आतून पोखरली जातेय. आणि तिथलं सरकार आमच्या पैशाने त्याच भिंतीवर आणखी पाच मीटर चढवणार! खाली अर्ध्या तासाच्या वाटेवर गाव. तिथे मी जेवलोय.

अहवालात स्पष्ट लिहिलंय: उंची वाढवू नये, आधी पाया दुरुस्त करावा. दोन-तीन वर्षं जातील. जाऊ देत.

३ फेब्रुवारी

मदतनिधीतले माझे वरिष्ठ दुऐजसाहेब धरणाच्या देशातल्या पाटबंधारे मंत्र्यांना आणायला विमानतळावर. अहवाल उद्या देईन.

४ फेब्रुवारी

काल संध्याकाळी घात झाला.

मंत्री हामिद इद्रिस आमच्या दिवाणियात, बाबांच्या पुरुषमंडळींच्या बैठकीत, आले. बाबा मदतनिधीच्या मंडळावर आहेत, म्हणून हा मान. पन्नासेक माणसं बसलेली. कॉफी आली, मंत्र्यांनी पेला घेतला आणि न पिताच समोर ठेवला. सगळ्यांच्या नजरा पेल्यावर. आमच्यात पाहुणा असा पेला ठेवतो तेव्हा त्याचं काहीतरी मागणं असतं. ते मिळेपर्यंत तो ओठ लावत नाही. खरं तर ही जुन्या लोकांची रीत, आता कोण पाळतं? बाबा पाळतात!

"हामिद, पेला ठेवलास. बोल, काय हवं?"

मंत्री गोंधळले. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "भिंत, काका."

"पी. भिंत तुझी झाली."

सगळीकडून वाहवा.  अहवाल बाहेर गाडीत होता.

५ फेब्रुवारी

परवा रात्री दिवाणियातून मंत्र्यांना मीच हॉटेलात सोडलं. माणूस गाडीत हसत सुटला. "अहो मुसाइद, आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या आधी पीत नाहीत हो! मी तुमच्या बाबांसाठी थांबलो होतो — आणि त्यांनी धरणच देऊन टाकलं!" मग डोळे पुसले. "तुमचं तेल महागलं तेव्हापासून आमचे पंप गंजताहेत. भिंत उंच झाली की पाणी आपल्या पायाने शेतात येईल. आई धरणाखालच्या गावातच असते. रोज विचारते."

सांगायला हवं होतं. हॉटेल येईपर्यंत वीस मिनिटं होती. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो.

६ फेब्रुवारी

दुऐजसाहेबांनी अहवाल वाचला, मिटला.

"हा आणखी कुणी वाचलाय?"

"फक्त तुम्ही."

"मग कुणीच नाही वाचला."

पुढच्या महिन्यात परिषद आहे. गरीब देशांच्या मदतीची घोषणा याच धरणापासून करायची, असं परराष्ट्र खात्याने ठरवलंय. "सगळं जग आपल्याला तेलाचे सावकार म्हणतंय, आणि तू बाटलीभर चिखल दाखवतोस? बरं, बू मुसाइदनी दिलेला शब्द फिरवायचा कुणी? तू फिरवतोस? जा, सांग त्यांना!"

बू मुसाइद म्हणजे मुसाइदचा बाप. बाबांना सारं शहर याच नावाने हाक मारतं. शब्द त्यांचा, पण नाव माझं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नमाजानंतर बाबांकडे जेवायला. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. बाबा माझ्या लेकीला, दानाला, पापलेटाचे काटे काढून भरवत होते. "बाबा, त्या धरणाचं —" एवढंच म्हणालो.

"अरे हो! बाजारात लोक काय म्हणतात माहितीय? बाप देतो, मुलगा बांधतो!"

मोती काढणाऱ्या होड्या चालवलेला माणूस. माझ्या शिक्षणाला आयुष्यभर 'कागदावरचं पोहणं' म्हणत आलाय. आज पहिल्यांदा माझ्याकडे असं अभिमानाने पाहिलं!

धीर करून विचारलं, "शब्द मागे घ्यावा लागला तर?"

"मग दिवाणियाला कुलूप घालायचं आणि म्हातारा मेला म्हणून कळवायचं." हसले. मीही हसलो. 

परत येताना लुलवा म्हणाली, "तुम्हाला पाण्याची भीती वाटते की बाबांची?"

बायको आहे की वकील!

९ फेब्रुवारी

सही केली. नव्या अहवालात 'पाझर मर्यादेत' असं लिहिलं. दुऐजसाहेबांनी स्वतः उठून हात मिळवला. 

२० फेब्रुवारी

नळाला गंजकं पाणी आलं. मी ओरडलो. दाना केवढी दचकली! म्हणते, "बाबा, नुसतं पाणी तर आहे." मी नळ घट्ट बंद केला.

१७ मार्च

परिषदेत घोषणा झाली. वर्तमानपत्रात धरणाचा फोटो. बाबांनी तो चौकटीत घालून दिवाणियात लावलाय. मी तिथे आता भिंतीकडे पाठ करून बसतो.

११ ऑगस्ट १९७७

अडीच वर्षांनी ही वही उघडली.

भिंत बांधून झाली. डोंगरात पाऊस सुरू झालाय, यंदा पहिल्यांदाच पाणी नव्या उंचीपर्यंत चढणार. मंत्र्यांच्या आईने बाबांना हट्टाने बोलावलं. रमजान तिथेच करणार म्हणाले, गावात, म्हातारीच्या घरी. आणि दानाला बरोबर नेलं.

विमानतळावर म्हटलं, "राजधानीत राहा ना बाबा. हॉटेलात. गाव नको."

"का?"

दानाने आजोबांचं बोट धरलं होतं. मी तोंड उघडलं. "डास फार आहेत," म्हणालो.

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चल, काहीतरीच! डोक्यावर तुझी भिंत आहे ना? मग मला कसली काळजी!"

विमान वेळेवर सुटलं.