दोन्ही रेडिओ चालू होते

लॅरमी, वायोमिंग
९ ऑक्टोबर

प्रिय ऑरिन,

आधी तुझ्या कमरेची चौकशी करते, नाहीतर तू पुढचं वाचायचाच नाहीस. पट्टा लावतोस ना? की खुंटीला लटकवून ठेवलायस? मी बरी आहे. ट्रक बरा आहे. आयडाहोत बटाटे भरते, नेब्रास्कात उतरवते, परत फिरते. थकते मात्र फार. हल्ली रात्रीची झोप झाली तरी सकाळी अंग म्हणतं, आज नको.

सोबतच्या खोक्यात तुझा जुना सीबी रेडिओ आहे. 'तुझा' म्हणते, कारण घटस्फोटात तो माझ्या वाट्याला आला, तरी वकिलाच्या ऑफिसात तू माझ्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होतास. तर तो बिघडलाय. आवाज येतो, शब्द येत नाहीत. एकोणीस नंबरच्या चॅनेलवर रस्त्यातला प्रत्येक ट्रकवाला तोंडात घास घेऊन बोलतोय असं वाटतं. पुरुषांचं निदान थोडंफार कळतं. बायका बोलायला लागल्या की नुसती पाखरं. तू रेडिओ दुरुस्त करण्यात एवढं नाव कमावलंस, तर बघ जरा उघडून.

काल जेवताना मी सहज विचारलं, की हा टाकून नवा घेऊ का. झालं! डेल्मर आणि पाद्री दोघंही पेटले. डेल्मर तुला आठवत असेल, लाल टोपीवाला, सगळ्यांना फुकट सल्ले देणारा. आणि पाद्री म्हणजे रेडिओवर प्रत्येकाला आशीर्वाद देऊन निरोप घेतो तो. चर्चमध्ये मात्र कधी दिसायचा नाही.

"नवाच घे," डेल्मर म्हणाला. "तळहाताएवढा असतो. सगळी बटणं माइकवरच. खरखर गाळून टाकतो, वादळ यायचं असलं तर आपण होऊन सांगतो. अजून काय पाहिजे तुला, स्वयंपाक?"

"जाड हातमोजे घालून दाब ती बटणं, मग बोल," पाद्री म्हणाला. "जुन्याची बटणं कशी बाटलीच्या झाकणाएवढी. न बघता फिरवावीत. तुझ्या त्या नव्याच्या पडद्यात डोकं घातलं की रस्ता गेला."

"मग ट्रकला घोडे जुंप ना!"

"जुंपले असते. घोडे तुझ्यापेक्षा कमी बोलतात."

त्यांच्या भांडणात माझा चिलीचा वाडगा गार झाला. सिनॅमन रोल तेवढा खाल्ला. मला दोघांचंही पटलं, आणि दोघांचंही अर्धंच ऐकू आलं. त्या हॉटेलात भांडी फार आपटतात.

तुझा निकाल कळव. पत्रानेच कळव, फोन घ्यायला मला वेळ नसतो.

वर्लीन


रॉलिन्स
२१ नोव्हेंबर

ऑरिन,

खोकं मिळालं. तुझी चिठ्ठीही मिळाली. "काहीही बिघाड नाही. अँटेना तपास." एवढंच? बावीस वर्षं एका ट्रकमध्ये काढलेल्या बाईला एवढंच लिहितोस? कंबर कशी आहे तेही नाही.

अँटेना तपासली. तार बदलली. टपावर चढून तिचं बूडसुद्धा घासून काढलं, गुडघा सोलवटला. फरक शून्य. मग मी डेल्मरला सांगून टाकलं की ऑरिनचे हात गेले आता. तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मला त्याचा राग आला.

शेवटी नवा घेतला. आता तुझं तोंड वाकडं होईल, होऊ दे. दिसायला देखणा आहे, गुडघ्याशी मावतो, रात्री निळा उजेड पडतो. तुझ्या त्या लोखंडी पेटीसारखा खड्ड्यात डोक्यावर पडायची भीती नाही. डेल्मर म्हणाला होता तसं, एक बटण दाबलं की खरखर जाते. गेली. पण शब्दही गेले. आधी लोक गोंधळात पुटपुटायचे, आता शांततेत पुटपुटतात. सगळं पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं. मग चिडून तुझा जुनाही वर परत बसवला. आता केबिनमध्ये दोन रेडिओ आहेत आणि एकाचाही धड उपयोग नाही. एवढे चांगले म्हणतात ते हल्लीचे कारखाने काय बनवतात देव जाणे.

गंमत म्हणजे मी कोणालाही विचारते, की माझा आवाज कसा येतोय, तर सगळे म्हणतात, खणखणीत! किटली, तू अगदी शेजारी बसल्यासारखी वाटतेस! (अजून सगळे मला किटलीच म्हणतात. हे नाव तू ठेवलंस, त्याचं पाप तुझ्या माथी.)

परवा एका पोरीने मला काहीतरी विचारलं. मी म्हणाले, "टेन-फोर, बाळा, तुझाही प्रवास सुखाचा होवो." सगळं चॅनेल हसलं. तिने म्हणे विचारलं होतं, डिझेल पंपाच्या रांगेत शेवटी कोण आहे. मीही हसले. अलीकडे मी सगळ्यालाच हो म्हटल्यासारखं टेन-फोर म्हणते. सोपं पडतं. लोक खूश होतात आणि पुन्हा विचारत नाहीत.

फेब्रुवारीत लायसन्सची वैद्यकीय तपासणी आहे. तुला माहीतच आहे, डॉक्टर लांब उभा राहून कुजबुजतो आणि आपण ते म्हणून दाखवायचं. यूटाच्या वाटेवर एक डॉक्टर आहे, तो म्हणे कुजबुजतच नाही, सरळ सही करतो. डेल्मरकडे त्याचा पत्ता आहे. मी तो कशाला मागून घेतला कोण जाणे.

बर्फ सुरू झालाय. इथला वारा तुला आठवतच असेल.

वर्लीन


लॅरमी
१४ जानेवारी

प्रिय ऑरिन,

हे पत्र दोनदा फाडलं. हे तिसरं आहे, आता काय होईल ते होईल. मी धड आहे, हे आधी सांगते, म्हणजे तू उभ्या उभ्या वाचत असशील तर बसशील.

मंगळवारी एल्क माउंटनच्या बाजूला वारा सुटला होता. वरून बर्फ नाही, जमिनीवरचाच उडत होता. बोनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. मी चढाच्या माथ्यावर होते, हळू चालले होते. पाद्री माझ्या पुढे, उताराला. त्याचा आवाज आला. आवाज आला, ऑरिन. शब्द आले नाहीत. शेवटचं "किटली" तेवढं कळलं. मी म्हणाले, "टेन-फोर."

तो काय सांगत होता ते नंतर कळलं. खाली दोन ट्रक आडवे झाले होते, रस्ता बंद होता. आणि तू तर जाणतोस, त्या माथ्यामुळे खालचा आवाज पलीकडच्यांना पोचत नाही. माथ्यावर जो असेल त्याने मागच्यांना सांगायचं असतं. तो मला तेच म्हणाला होता, "किटली, मागे सांग." मी हो म्हणाले. पाद्रीने गृहीत धरलं की निरोप पोचला. आणि मी गप्प बसले.

उतारावर मला लुकलुकणारे दिवे दिसले, मी थांबले. माझ्या मागून माथा ओलांडून एक ट्रक आला. मला वाचवायला त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि खड्ड्यात उलटला. एल्डन नाव त्याचं. पाय दोन ठिकाणी मोडलाय. माझ्यावर आला असता तर तो गेला असता, मीही गेले असते.

पाद्री बर्फातून चालत माझ्या खिडकीशी आला. चेहरा पांढरा पडला होता.

"किटली, मी सांगितलं होतं ना? तू टेन-फोर म्हणालीस ना?"

मी म्हणाले, "रेडिओ खराब आहे."

त्याने वर बघितलं, मग माझ्या गुडघ्याशी बघितलं. दोन्ही रेडिओ चालू होते. दोन्हींवर लोक ओरडत होते, ते बाहेर उभ्या असलेल्या त्याला ऐकू येत होतं. तो माझ्या दारावर हात ठेवून उभा राहिला.

टेन-फोर म्हणजे ऐकलं आणि समजलं. हे तूच मला शिकवलं होतंस. नुसतं ऐकलं असेल तर म्हणायचं नाही, गाढवे, असं म्हणाला होतास. तुझ्या एकाही फोनला मी उत्तर दिलं नाही, ते रागाने नाही. फोनवर तू काय म्हणतोस ते मला कळत नाही. दोन वर्षं झाली. आधी वाटलं इंजिनचा आवाज, मग वाटलं लोक बोलायचं विसरले, मग वाटलं रेडिओ. काहीही वाटून घेतलं, हे सोडून. ट्रक गेला तर माझ्याकडे राहतं काय, सांग बरं? मी त्यातच झोपते. मला फार भीती वाटत होती.

काल दवाखान्यात गेले. एल्डन झोपला होता. त्याची बायको, बारीक चणीची, आवाजही बारीक, मला काहीतरी म्हणाली. मी मान हलवली. तिने पुन्हा विचारलं. माझ्या तोंडात टेन-फोर आलंच होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही, बाई." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, "कॉफी घेणार का, असं विचारतेय!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. मग मी तिला सगळं सांगितलं. तो निरोप माझ्याकडे आला होता, हेही सांगितलं. तिने कॉफी माझ्या हातात दिली आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली. माफ केलं नाही तिने. करावं असं मीही म्हणाले नाही. कॉफी संपेपर्यंत बसले.

आज सकाळी कंपनीत जाऊन सांगितलं. त्या डॉक्टरचा पत्ता फाडला. ट्रक आवारात उभा आहे, मी शेजारच्या मोटेलात आहे. दुसरं कोणीतरी उद्या बटाटे घेऊन जाईल.

तू विचारशील म्हणून सांगते. जुना की नवा? दोन्ही उत्तम आहेत. थंडीत हातमोजे घालून चालवायचं असेल तर जुना, नव्या केबिनमध्ये जागा कमी असेल तर नवा, आणि अँटेना नीट नसेल तर दोन्ही फेकून दे. तुझे हात शाबूत आहेत. डेल्मरलाही तसं सांगितलंय.

माझं सामान फार नाही. भांडी, अंथरूण, दोन खोकी. रस्ता उघडला की तुझी पिकअप घेऊन ये. मला कुठे सोडायचं ते मलाच माहीत नाही, तेव्हा तू ठरवून ये. कानाच्या डॉक्टरकडे आधी जाऊ, मग भांडू. आणि बोलताना माझ्याकडे तोंड करून बोल. संसारात कधी केलं नाहीस, आता कर.

मोटेलच्या दारात उभी असेन. हॉर्न वाजवू नकोस. खाली उतर.

वर्लीन