माझ्या हातचं

२ जून
आजपासून शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. स्वयंपाकघर ऐसपैस, उजेडाचं, ओट्याला दोन नळ. सदतीस मुली. वॉर्डनबाईंनी विचारलं, एकटीला झेपेल ना? म्हटलं, मागच्या खानावळीत रोज साठ ताटं लावत होते. तापाच्या साथीत ती बंद पडली, नाहीतर मी कशाला हलते?

१३ जून
मुली मला मावशी म्हणायला लागल्या. सगळ्यांत धाकटीला चिमणी म्हणतात. मी काकडी चिरायला बसले की ही ओट्याशी हजर, अर्ध्या फोडी हिच्याच पोटात. काल म्हणाली, आईच्या हातालासुद्धा एवढी चव नाही. दिवसभर मी हवेत होते.

२५ जून
चिमणीचा ताप आठवडा झाला तरी उतरत नाही. आज आणखी चौघी आडव्या. डॉक्टर म्हणाले, टायफॉइड. पाणी उकळूनच द्या. पातेलीच्या पातेली उकळली. चिमणी अन्नाला तोंड लावेना, म्हणून फळं कुस्करून माझ्या हातानं भरवली.

१ जुलै
अकरा जणी. टाकीचं पाणी तपासलं, स्वच्छ निघालं. आता सगळ्यांची शौचतपासणी, माझीसुद्धा. मला हसू आलं. तापानं मी कधी अंथरूण धरलेलं नाही.

५ जुलै
धडधाकटांपैकी फक्त माझ्यात जंतू सापडले. डॉक्टर म्हणाले, काहींना त्रास होत नाही. जंतू पित्ताशयात घर करतात, शौचावाटे बाहेर पडतात, हातांवरून अन्नात जातात. मी म्हटलं, मी हात धुते की. साबणानं? त्यांनी विचारलं. मी नुसतं पाण्यानं –

६ जुलै
खानावळीतली तापानं गेलेली ती दोन माणसं. त्याआधी ज्या घरी कामाला होते तिथलं बाळ, त्याचं दूध मीच –
आणि आमच्या ह्यांचा ताप. सात वर्षं मी विहिरीला बोल लावला.

८ जुलै
गोळ्या चालू आहेत. हात सोलवटेपर्यंत धुतले. वॉर्डनबाई दारातूनच बोलतात. चिमणीच्या आतड्याला भोक पडलं, मोठ्या दवाखान्यात नेलंय.

९ जुलै
चिमणी गेली.

१० जुलै
तिची आई सामान न्यायला आली होती. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. माझा हात धरून म्हणाली, तुम्ही पोटच्या पोरीसारखं भरवलंत. डोळ्यांना लावला तिनं हा हात. कडेवर तिची तान्ही – तिनं माझं बोट पकडलं, तोंडात घातलं – मी ओढून घेणार, तर आईनं मनगट घट्ट – मी सांगायला तोंड उघडलं आणि