गळकी झडप

प्रिय धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला आणि हातातला पाना मी भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा पोपडा निघाला, पान्याला काही झालं नाही. दोन वर्षं तुला दम लागतोय आणि आम्हाला सांगत होतास, 'पित्त झालंय'! जिना चढताना मधेच थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्या बघायचास. आम्हाला वाटलं, धाकट्याला झाडांचं वेड लागलं. गाढवा!

काल तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे मी स्वतः गेलो. म्हटलं, 'बाई, मी पंप दुरुस्त करणारा माणूस, पंपाच्या भाषेत सांगा.' त्या हसल्या आणि कागदावर चार कप्पे काढले. उजवीकडचे दोन वापरलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलतात, डावीकडचे दोन ताजं रक्त अंगभर. म्हणजे एकाच मोटरवर दोन पंप. मिनिटाला पाचेक लिटर, आणि जन्मल्यापासून एकही सुट्टी नाही. मधल्या झडपा एकाच दिशेला उघडायच्या. तुझी डावीकडची नीट मिटतच नाही. खालचा कप्पा आवळला की थोडं रक्त वर परत फिरतं, मागे फुप्फुसांत तुंबतं, म्हणून दम. हृदय बिचारं तेच रक्त पुन्हापुन्हा ढकलत बसतं आणि फुगत जातं. आणि तू म्हणतोस, 'चाललंय ना, चालू दे'? माझ्या वर्कशॉपमध्ये असं कुणी बोललं असतं तर दारातूनच हाकललं असतं.

ऑपरेशन गुरुवारी. झडप दुरुस्त होईल म्हणतात बाई. आणखी थांबलास तर फुगलेलं हृदय पूर्ववत होईलच असं नाही. आणि तू सही करत नाहीस! घाबरलोय म्हण की सरळ. मीही घाबरलोय.

आता खरं काय ते लिहितो. मागच्या वर्षी आई गेली तेव्हा तू मला मिठी मारून रडलास. तू माझ्याहून वीतभर उंच, माझा कान तुझ्या छातीवर आला. प्रत्येक ठोक्याला मागून फस्स, फस्स. पंपाला कान लावून दोष ओळखण्यात तीस वर्षं गेली माझी. झडप मागे गळते तेव्हा येतो तोच आवाज. पण वाटलं, अर्ध्यात शाळा सोडलेला मी मेस्त्री, माणसाच्या छातीतलं मला काय कळणार? लोक हसतील म्हणून गप्प बसलो. परक्या माणसाचा पंप मी असा जाऊ दिला नसता रे. तुझ्यावर ओरडतोय, पण यातला निम्मा राग माझ्यावरचा आहे. सही कर. गुरुवारी सकाळी मी तिथे आहेच. शुद्धीवर आलास की मला हव्या तेवढ्या शिव्या दे, एकही शब्द उलटून बोलणार नाही.

तुझाच, खाली मान घालून,
दादा